बाळाचा पहिला वाढदिवस: काय दिलंत, काय मिळालं?

कावेरीकाठ
भाचीच्या लेकीचा पहिला वाढदिवस रविवारी आहे, म्हणून काल नाशिकच्या भांडी बाजारात गेले होते. पितळेची एक छोटी कळशी हातात घेतली तर गल्ल्यावरचे काका लगेच म्हणाले, "नाव घालायचं ना?" आणि मला आमच्या घरातला स्टीलचा पेला आठवला. त्यावर टिंबाटिंबांनी कोरलंय: 'चि. बाळ यास प्रथम वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट, समस्त शेजारी, सातपूर कॉलनी, १९८१'. माझ्या भावाचं बारसं होऊन वर्ष झालं होतं, चांगलं ठेवलेलं नाव होतं, पण कॉलनीत सगळे त्याला बाळच म्हणायचे, मग पेल्यावरही बाळ! वडील कंपनीत, शेजारी कंपनीत, सगळ्यांनी वर्गणी काढलेली. भावाचे केस पिकले, तरी ताक त्याला त्याच पेल्यात लागतं. वहिनी वैतागते.

हल्लीच्या भेटी पाहिल्या की वाटतं, खोकी मोठी आणि आयुष्य पावसाळ्याएवढं. बाळाला त्यातलं काही कळत नाही हे मान्य, आईबापांना मात्र सगळं कळतं, आणि कोणी काय दिलं ते आजीच्या वहीत असतंच. तर सांगा, तुमच्याकडे काय आलं, तुम्ही काय दिलंत, त्यातलं काय टिकलं? सल्ला नको, अनुभव हवेत. (दिलात तरी वाचेन.)

निफाडची_सून
चांदीची वाटी. मग अजून दोन चांदीच्या वाट्या. मग वाटी आणि चमचा. उष्टावणाला मामाने दिलेली धरली तर आता आमच्याकडे पंचामृताला एकेका पदार्थाची वेगळी वाटी आहे. सत्यनारायण अगदी झोकात होतो.

पेठरोड_पक्या
'चि. बाळ' वाचून फुटलो ताई. आमच्याकडे मामाच्या लग्नातली परात आहे, नावगाव तारखेसकट. वडील तिच्यात सिमेंट कालवतात. मामा आला की आई ती लपवते.

कावेरीकाठ
@पेठरोड_पक्या अरे देवा. मामांना हा धागा दाखवू नका.

घट_वजावट
आमचा धंदाच चांदीचा आहे, म्हणून दोन शब्द. दुकान कुठलं ते विचारू नका, जाहिरात होईल.
किलोचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून गिऱ्हाईक वाटी सोडून चमच्यावर आलंय, आणि चमचाही हातात घेऊन "अजून हलका दाखवा". हलका घ्या, पण पत्र्यासारखा घेऊ नका, बाळ चावतं आणि तो वाकतो. ९२५ लिहिलेलं असेल तर हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. शुद्ध चांदी मऊ असते, रोजच्या वापराला ९२५ बरी. मजुरी मोडीत परत मिळत नाही, हे घेतानाच डोक्यात ठेवा, नाहीतर नंतर आमच्याशी भांडायला येता.
वाळे द्यायचे असतील तर बिनघुंगरांचे द्या. घुंगराचा डाख (जोड) कधीतरी निघतो आणि एक वर्षाच्या पोराला खाली पडलेली प्रत्येक गोष्ट तोंडात घालायची असते. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की म्हणतात, छुमछुम आवाज नको का?

निफाडची_सून
@घट_वजावट काळ्या पडल्यात हो वाट्या. काय करू?

घट_वजावट
@निफाडची_सून हवेतल्या गंधकाने पडतात, चांदी खोटी नाही. दंतमंजन, मऊ कापड, हलका हात. तारेची घासणी लावलीत तर मला कळवू नका.

गंगापूररोड_वरून
आमची ऑर्डर सराफ बाजारात आणि ऑगस्ट २०१६ चा पूर! गोदावरी बाजारात शिरली, पुराची खूण म्हणून बघतात त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीचे फोटो सगळीकडे फिरत होते आणि सासूबाई फोनवर, "वाटीचं काय झालं विचार". अहो आई, लोकांच्या दुकानांत पाणी आहे! वाढदिवस झाला, वाटी नाही. पाणी ओसरल्यावर बऱ्याच दिवसांनी सराफाचा स्वतःहून फोन आला, "माल वर उचलला होता, तुमचं सुखरूप आहे, घेऊन जा." पैसे द्यायला गेलो तर दुकानात अजून गाळाचा वास. लेक आता मोठा झालाय, वाटीत मिसळीचा कट घेतो.

पेठरोड_पक्या
मिसळ कुठली ते सांगा आधी.

गंगापूररोड_वरून
घरची. आता इथे मिसळयुद्ध नको.

वॉर्ड_नंबर_नको
ड्यूटीवरून सुटले, बसमध्ये टाइप करतेय, चुका पोटात घाला. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. हात जोडून सांगते, वॉकर देऊ नका. चाकांवर बसलेलं पोर एका क्षणात पायरीपर्यंत पोचतं, आई दूध उतू जातंय म्हणून वळलेली असते. चालायला लवकर शिकतं हाही गैरसमज आहे. कॅनडाने तर २००४ मध्ये विक्रीवरच बंदी घातली.
दुसरं, गाणारी खेळणी. त्यातला तो बटणासारखा चपटा सेल. त्याच्या झाकणाला स्क्रू असेल तरच घ्या. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. पोर नुसती लाळ गाळतं नाहीतर खात नाही, आपल्याला वाटतं दात येतायत. शंका आली तरी थेट दवाखाना गाठा, घरी वाट बघू नका.
आणि टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी असते ना, तिच्यातून जे आरपार जाईल ते तीन वर्षांखालच्या बाळाच्या हातात नको. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, रस्त्यावरच्या ढिगात ती शोधून दाखवा.
आला माझा स्टॉप.

सिडकोची_मावशी
@वॉर्ड_नंबर_नको बरं झालं सांगितलंत, वॉकर कार्टमध्ये टाकला होता. काढला. मग काय देऊ? ठोकळे?

द्राक्षवाला_दिंडोरी
आमच्या पोराचा वाढदिवस ऐन ऑक्टोबर छाटणीत येतो. ज्याच्याकडे द्राक्षबाग आहे त्याला हे दुःख कळेल. मजूर टोळी आलेली, काड्यांना कोंब फुटायची पेस्ट लावायची घाई, आभाळाकडे डोळे आणि बायको म्हणते फुगे आणा. पहिल्या वाढदिवसाला सकाळी आठला औक्षण उरकलं आणि बागेत पळालो.
आमच्या आबांनी त्या दिवशी नातवाच्या नावाने बांधावर केशर आंब्याचं कलम लावलं. पाहुणे हसले, बाळाला गाडी आणायची सोडून रोप! पहिली दोन वर्षं मोहोर आला की आबा खुडून टाकायचे. कलमाला लवकर मोहोर येतो, पण झाड अंगाने वाढलेलं नसतं, तेव्हा फळ धरलं की ते खुंटतं. पोरगं रडायचं, "माझे आंबे आजोबा तोडतात". पाचव्या वर्षी फळं ठेवली. त्यातला पहिला आंबा आबांनीच खाल्ला, पोराला ताप होता म्हणून. यावरून आमच्यात अजून वाद आहे.

कावेरीकाठ
@द्राक्षवाला_दिंडोरी आबांची बाजू घेते मी. झाडाला पाणी कोणी घातलं?

द्राक्षवाला_दिंडोरी
ठिबकने ताई.

लासलगाव_एक्स्प्रेस
पत्रिकेत छापलं होतं 'कृपया आहेर आणू नये'. काका कांद्याची गोणी घेऊन आले. म्हणाले, हा आहेर नाही, हा माल आहे. भाव पडले होते त्या वर्षी, त्यामुळे सगळ्या पाहुण्यांना रिटर्न गिफ्टमध्ये दोन-दोन किलो गेले. अजूनही लोक विचारतात, यंदा वाढदिवस कधी?

निफाडची_सून
मी आले असते!

खिडकी_क्रमांक_चार
पोस्टात आहे, म्हणून. दर महिन्याला कुणीतरी मावशी किंवा काका येतात, "पुतणीला वाढदिवसाची भेट म्हणून सुकन्या खातं उघडायचंय". तुम्हाला उघडता येत नाही, आई, वडील किंवा कायदेशीर पालकच लागतात. भेट द्यायचीच तर आईबाबांना खातं उघडायला लावा आणि पहिला हप्ता तुम्ही द्या. मुलगी १० वर्षांच्या आतली हवी, वर्षाला कमीत कमी २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. १५ वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पुरते. एक आजोबा पासबुकाला हळदकुंकू लावून, पाकिटात घालून घेऊन गेले होते. छापलेल्या आकड्यावर कुंकू आलं, पुढच्या वेळी मशीनने पान घेतलं नाही.
मुलगा असेल तर पीपीएफ (भविष्य निर्वाह निधीचं खातं) बघा. त्याची चौकशी जेवणाच्या सुट्टीत करू नका.

पंचवटी_आजी
नातीने फोन हातात दिला म्हणून लिहिते. आमच्या वेळी बोंडलं द्यायचे चांदीचं, चोच असलेलं, दूध पाजायला. माझ्या माहेरचं होतं, मोठ्या जावेकडे गेलं, तिच्या सुनेने मोडीत घालून पैंजण केले. असो. पहिल्या वाढदिवसाला आम्ही गोधडी द्यायचो, घरातल्या सगळ्या बायकांच्या जुन्या लुगड्यांची. आजीचं, आत्याचं, मावशीचं, एकेक पट्टी. नवं कापड घालायचं नाही आत, अंगाला टोचतं. केकचं मला काही कळत नाही, पण मेणबत्त्या फुंकून विझवतात ते बघवत नाही. आधी औक्षण करा, मग काय विझवायचं ते विझवा.

सिडकोची_मावशी
आजी, नमस्कार! गोधडी अजून कोण शिवून देतं का हो पंचवटीत?

पंचवटी_आजी
आमच्या गल्लीत एक बाई शिवते. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, दिवाळीनंतर विचार.

येवल्याची_लेक
पैठणीचं झबलं. सासूबाईंच्या विरलेल्या पैठणीचं, काठाची जर गळ्याशी आलेली. फोटोत माझी पोर अशी काही दिसते की कोणी छळलंय. छळलंच होतं. दहा मिनिटांत मानेवर लाल चट्टे, मग बाकीचा कार्यक्रम बनियनवर. अस्तर लावा गं बायांनो, सुती अस्तर, आणि जर आत दुमडू नका.

मंजिरी_इंदिरानगर
झबल्यावरून लिहिते.
माझी आई लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधी गेली, दीड महिना आधी. आजारी होती, तिला माहीत होतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिचं शिवणाचं मशीन द्यायला काढलं तर खालच्या खणात पिशवी. पाच झबली, मलमलची, प्रत्येकावर कागद टाचलेला, 'पहिला', 'दुसरा' असं पाचव्यापर्यंत. मापं सगळी चुकली होती तिची. पहिलं लेकीला तिसऱ्या वर्षी बसलं, तेव्हा कळलं की आई नेहमीसारखीच वाढत्या अंगाचं शिवून गेली. मला पण शाळेचे गणवेश तसेच असायचे, चौथीचा सातवीत व्हायचा. पाचवं अजून मोठं होतंय तिला. मशीन दिलं नाही मग.

कावेरीकाठ
मंजिरी, काय लिहू गं.

वॉर्ड_नंबर_नको
घरी पोचून वाचलं. मिठी.

पेठरोड_पक्या
ताई, मशीन ठेवलंत ते बेस केलंत.

मंजिरी_इंदिरानगर
थँक्यू सगळ्यांना. आता मीच शिकतेय त्याच्यावर. बाह्या जमत नाहीत. तसली मऊ मलमल कुठे मिळते सांगा ना, आमच्या भागात सगळं पॉलिस्टर मिसळलेलं.

येवल्याची_लेक
मेनरोडला बघ, आतल्या जुन्या कापड दुकानांत, ताग्यातून मीटरवर घे. धागा ओढून जाळून बघायचा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, गोळी झाली तर पॉलिस्टर.

गंगापूररोड_वरून
दुकानदारासमोर जाळू नकोस फक्त.

सिडकोची_मावशी
आणि आणल्यावर आधी रात्रभर पाण्यात भिजव, आटते ती. मग काप. झबल्याला बाह्या हव्यातच कशाला? बिनबाह्यांची शिव, आमच्याकडे उन्हाळाभर तीच चालतात.

मंजिरी_इंदिरानगर
शनिवारी जाते. गाडी कुठे लावायची पण?

लासलगाव_एक्स्प्रेस
मेनरोडला आणि गाडी? शनिवारी? ताई, रिक्षा करा.

पेठरोड_पक्या
रविवार कारंजाला उतरा आणि चालत जा. चिवडा घेतला तर अर्धा किलो माझ्या नावाने, पेठ रोडला आणून द्या.

मंजिरी_इंदिरानगर
@पेठरोड_पक्या पॅकेटवर 'चि. पक्या' घालून आणते.