१६ एच७ बोअरमधली क्रॉस होलची बर: रोबोट घ्यावा की व्हीएमसीवरच काढावी?

गाळा_१४, साकीनाका:
जॉब हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी, मटेरियल ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील). १६ एच७ चा (व्यास १६ मिमी, एच७ म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची मर्यादा) आरपार बोअर, म्हणजे मोठं गोल भोक, लांबी ६२ मिमी. वरच्या फेसवरून ६ मिमीची चार होल त्याला काटकोनात येऊन मिळतात, हीच क्रॉस होल. महिन्याला १२०० नग. मशीन बीटी४० व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन, बीटी४० हे टूलच्या टेपरचं माप), ८००० आरपीएम, रोटरी टेबल आहे, टूल मॅगझिनमध्ये नऊ पॉकेट रिकामे. सध्या क्रम असा: बोअर ड्रिल, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल), मग क्रॉस होल. त्यानंतर हेल्पर स्क्रेपर आणि नीडल फाईलने बर (कापताना कडेला उरणारी धातूची धारदार झालर) काढतो, नगाला सात मिनिटं. तरी एखादी लोंबती बर आत राहतेच, आणि स्क्रेपर घसरला की बोअरवर रेघ. पार्टी, म्हणजे ग्राहक, बोअरस्कोपने (भोकात घालायच्या कॅमेऱ्याने) बघून लॉट परत पाठवते. एक विक्रेता रोबोट सेल घ्या म्हणतोय. गाळा ६०० चौरस फूट, आधीच भरलेला. काय करावं?

टूलरूम_भांडुप:
रोबोट बाजूला ठेवा, आधी क्रम बदला. तुमचं शेवटचं ऑपरेशन क्रॉस होल आहे, म्हणजे तयार बोअरमध्ये तुम्ही स्वतःच बर ढकलताय. असं करा: १५.७५ ने बोअर ड्रिल, मग चारही क्रॉस होल, मग रीमर. बोअरमध्ये लोंबणारी बर रीमरच छाटतो, उरलेली पातळ झालर क्रॉस होलच्या तोंडात दुमडते. तिथे तिला गाठणं सोपं. रीमर उजव्या कटचा पण डाव्या हेलिक्सचा (दातांचा पीळ डावीकडे) घ्या. चिप पुढे ढकलली जाते आणि होलच्या कडांवर दात आपटत नाहीत. सरळ फ्लूटचा रीमर चार ठिकाणी ठोकर खातो, फिनिशवर चट्टे दिसतात.

ड्रिलही बघा. ६ मिमी ड्रिल बोअरमध्ये फुटायच्या शेवटच्या दीड मिमीत फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) निम्म्यावर आणा. ड्रिलचा कोपरा झिजला की बरची मुळी जाड होते, आणि जाड मुळी पुढे कुठल्याच ब्रशला जुमानत नाही. किती होलनंतर बर वाढते ते एकदा मोजून ठेवा आणि ड्रिल आवाजावर नव्हे, काउंटवर बदला. निम्मा प्रश्न इथेच सुटतो, फुकटात.

आता कड. ६ चं होल १६ च्या बोअरला मिळतं तेव्हा कड सपाट नसते, खोगिरासारखी असते. हिशेब करा: ८ मधून ५५ चं वर्गमूळ वजा, म्हणजे ०.५८ मिमीची वर-खाली. म्हणून साधा चॅम्फर कटर (कड तिरकी छाटणारा) आतून गोल फिरवला तर दोन बाजूंना खोल खातो आणि दोन बाजूंना लागतही नाही. एकतर लॉलीपॉप कटरने (बारीक दांड्यावर गोल डोकं असलेल्या) थ्रीडी पाथ द्या, नाहीतर स्प्रिंगवर ब्लेड असलेलं, कडेबरोबर आत-बाहेर होणारं टूल वापरा. स्पिंडल उलटा न फिरवता ते होलमधून जाऊन मागची कड घेतं. घेताना विक्रेत्याला दोन्ही व्यास सांगा, नुसतं ‘६ चं होल’ म्हणू नका.

शेवटी १६ चा बॉल होन (तारांच्या टोकांना घासणाऱ्या गोळ्या असलेला ब्रश), सिलिकॉन कार्बाइड, २४० ग्रिट. ऑर्डर बोअरच्या मापाने द्यायची. टूल मुद्दाम मोठंच बनवलेलं असतं, मोजून परत करायला जाऊ नका. ३०० आरपीएमवर फिरतच बोअरमध्ये शिरा, आत गेल्यावर ७००, फीड ३००० मिमी प्रति मिनिट. पाच फेऱ्या एम०३ ने (स्पिंडल सुलटा), पाच एम०४ ने (उलटा). एकाच दिशेने फिरवलं तर बर फक्त पलीकडे झोपते. मधल्या फेऱ्यांत होन पूर्ण बाहेर काढू नका, बोअरचं तोंड घंटेसारखं फाकतं. बाहेर हवेत जोरात फिरवला तर पिळलेल्या तारेचा दांडा वाकतो, तो परत सरळ होत नाही.

चौथा_अक्ष, रबाळे:
वरचं बरोबर. बाकी पर्यायांबद्दल थोडक्यात.

रोबोट बाहेरच्या कडांना चांगला. बोअरच्या आत त्यालाही हेच ब्लेड, हाच ब्रश हातात द्यावा लागणार. मग तुमचा स्पिंडल काय वाईट? शिवाय कुंपण, फीडर, एअर लाइन, ६०० फुटांत माणसं कुठे उभी राहणार?

थर्मल डीबरिंगमध्ये बंद चेंबरमध्ये गॅस आणि ऑक्सिजनचा स्फोट होतो, काही मिलिसेकंदांत पातळ बर जळून जाते. आतल्या सगळ्या कोपऱ्यांत पोचतं हा मोठा फायदा. पण जॉब आधी धुऊन कोरडा लागतो, नंतर काळपट ऑक्साइड धुवावा लागतो, आणि जाड मुळी तशीच राहते. जॉबवर्कला पाठवायचं असेल तर मुळी पातळ केल्यावरच पाठवा.

ईसीएम (विजेने आणि इलेक्ट्रोलाइट द्रावाने धातू विरघळवणं) नेमकी हवी ती कड गोल करतं, हाताचा संबंधच नाही. मात्र प्रत्येक जॉबला वेगळं फिक्श्चर आणि कॅथोड, शिवाय इलेक्ट्रोलाइटचा गाळ. त्याची विल्हेवाट आणि प्रदूषण मंडळाची संमती हे गाळ्यातल्या माणसाला झेपणारं काम नाही. व्हायब्रेटरी (थरथरणाऱ्या भांड्यात जॉब घासणं) पद्धतीचा मीडिया, म्हणजे घासणारे खडे, ६ मिमीत शिरतच नाही, शिरलाच तर अडकतो. विषय संपला.

क्यूसी_ताई:
तुमच्या ड्रॉइंगवर बहुतेक ‘बर नको’ एवढंच असेल. त्यावरून भांडणं होतात. पार्टीकडून आयएसओ १३७१५ (ड्रॉइंगवर कडा कशा दाखवायच्या याचं मानक) प्रमाणे कडेचा आकडा मागा: वजा म्हणजे कडेवरून तेवढं मटेरियल गेलं तरी चालेल, अधिक म्हणजे तेवढी बर चालेल. सीलिंगच्या कडेला कुणी अधिक देणार नाही, पण वजा किती ते कळलं तर चॅम्फर उगाच मोठा होत नाही.

१६ एच७ ला एकूण १८ मायक्रॉनच मिळतात. होन काही मायक्रॉन खातोच, तेव्हा रीमरनंतर बोअर खालच्या बाजूला ठेवा, साधारण ४ ते ८ मायक्रॉन अधिकमध्ये. पहिल्या दहा नगांवर होनच्या आधी आणि नंतर बोअर गेज लावा, तीन ठिकाणी, दोन दिशांनी. होन भूमिती सुधारत नाही. बोअर वाकडा असेल तर वाकडाच चकचकीत करेल.

आणि धुणं! ग्रिटचे कण बोअरमध्ये रुततात, डिझेल मारून निघत नाहीत. गरम पाणी, डिटर्जंट आणि नायलॉन ब्रशने घासा, मग पांढरं कापड फिरवा. करडं निघालं तर परत. लगेच पाणी हटवणारं रस्ट प्रिव्हेंटिव्ह मारा, ‘संध्याकाळी मारू’ नको. मुंबईच्या पावसाळ्यात धुतलेलं ईएन८ दुपारच्या जेवणापुरतंही थांबत नाही.

गाळा_१४, साकीनाका:
खूप उपयोग झाला. दोन शंका. स्प्रिंगच्या टूलऐवजी क्रॉस होलमध्ये सेरॅमिक फायबरचा ब्रश चालेल का? आणि होनिंगची धूळ मशीनच्या कूलंटमध्ये गेली तर?

टूलरूम_भांडुप:
बर पातळ असेल तर चालेल. पण लक्षात घ्या, त्याचा नियम होनच्या उलट आहे. तो बंद स्पिंडलने होलमध्ये घालायचा, टोक बोअरमध्ये डोकावल्यावर फिरवायचा आणि थांबवूनच बाहेर काढायचा. बाहेर फिरला तर तंतू फाकून तुटतात. आरपीएमची मर्यादा त्याच्या तक्त्यातून घ्या. दोन्ही टूलना एकच सबप्रोग्राम लावलात तर एकाचा बळी ठरलेला.

धुळीसाठी टाकीच्या परतीच्या तोंडाला फिल्टर बॅग लावा आणि ती रोज बदला. चुंबकावर विसंबू नका, सिलिकॉन कार्बाइड त्याला चिकटत नाही. स्लाइडवेच्या वायपरवर आठवड्यातून एकदा हात फिरवा.

वेळेचं म्हणाल तर ब्लेड किंवा ब्रश, होन आणि टूल चेंज मिळून नगाला दीड मिनिट धरा. १२०० नगांना ३० तास, आत्ता हाताने १४० जातात. ते ३० तास मशीनवर रिकामे आहेत का, तेवढं बघा. नसतील तर जुनी ड्रिल मशीन आणि साधं फिक्श्चर लावून होन तिथे फिरवा. मोटर मात्र उलटीही फिरणारी हवी.