मायक्रोवेव्हमध्ये स्क्रॅम्बल्ड एग : कडा वातड, मध्ये कच्चं. तातडीने मदत हवी आहे

केतकी_
मायक्रोवेव्हमध्ये स्क्रॅम्बल्ड एग करतेय आणि दर वेळी तेच होतंय. कडेला वातड थर, मधोमध कच्चा पिवळा द्रव आणि खाली पाणी सुटलेलं. दोन मिनिटं लावते. सगळीकडे "मऊ, लुसलुशीत होतं" असं लिहिलेलं असतं, माझं एकदाही झालेलं नाही. सकाळी निघायच्या आधी करायचं असतं, त्यामुळे लांबलचक कृती नको. आणि कृपा करून "गॅसवर करा" सांगू नका. गॅस नाही म्हणूनच विचारतेय.

उंबरठा
अंडी किती? पॉवर कुठली? किती वॅटचा आहे? भांडं कसलं? हे कळल्याशिवाय दोन मिनिटं जास्त की कमी, कसं सांगणार?

मीठमिरी
दूध घाला. एका अंड्याला एक मोठा चमचा. बाकी काही बघायची गरज नाही. मी कायम असंच करते आणि कायम मऊ होतं.

रानवारा
अंडी मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नयेत. आमच्या घरी उकडलेलं अंडं गरम करायला ठेवलं होतं. आत काही झालं नाही, पण बाहेर काढून सुरी लावली आणि फाडकन फुटलं. गरम बलक चेहऱ्यावर उडाला. तेव्हापासून घरात बंदी आहे.

तळटीप
रानवारा, तुमचा अनुभव खरा आहे, पण ते अख्ख्या अंड्याचं झालं. बलकात कोंडलेली वाफ सुटायला वाट नसते, म्हणून ते फुटतं. कवचासकट कच्चं असो, सोललेलं उकडलेलं असो, दोन्ही धोक्याचे. फोडून न फेटता ठेवायचं असेल तर बलकाला टोचून घ्यावं लागतं. केतकी फेटून करतेय, तिथे हा प्रश्नच येत नाही.

केतकी_
दोन अंडी. पॉवर नेहमीचीच. मागच्या स्टिकरवर 1250 वॅट लिहिलंय. भांडं म्हणजे साधी काचेची ताटली. दूध घालून पाहिलं, तर पाणी आणखी सुटलं.

उंबरठा
"नेहमीची" म्हणजे कुठली? बटण दाबल्यावर आपोआप येते ती? मग ती बहुतेक पूर्ण पॉवर. आणि मध्ये ढवळता का, ते अजून सांगितलं नाहीत.

केतकी_
हो, बटण दाबलं की येते तीच. ढवळायचं कशाला? आतली काच फिरतेच ना?

जुना_रेडिओ
इथेच सगळं अडलंय. काच फिरते म्हणजे ताटली फिरते, अंडं जागच्या जागी राहतं. मायक्रोवेव्हच्या लहरी साधारण 2450 मेगाहर्ट्झच्या असतात, त्यांची लांबी 12 सेंमीच्या आसपास. त्या आतल्या भिंतींवरून उलटतात, एकमेकींत मिसळतात आणि काही जागी जास्त, काही जागी कमी उष्णता देतात. फिरत्या काचेमुळे हा फरक थोडा कमी होतो, जात नाही. काचेच्या बरोबर मध्यावर ठेवलेल्या पदार्थाचा मधला भाग तर जवळपास एकाच जागी राहतो. कडेला मात्र वरून आणि बाजूने दोन्हीकडून मारा होतो. म्हणून कडा आधी शिजतात आणि मध्य मागे राहतो.

फेटलेलं अंडं 70 ते 75 अंश सेल्सिअसच्या आसपास धरायला, म्हणजे घट्ट व्हायला, लागतं. त्यापुढे तापत गेलं की प्रथिनांची जाळी आवळते आणि आत धरलेलं पाणी बाहेर टाकते. तुमच्या ताटलीतलं पाणी हेच. मध्य शिजायची वाट बघेपर्यंत कडा कितीतरी पुढे गेलेल्या असतात.

दुसरं म्हणजे स्टिकरवरचा 1250 हा आकडा विजेच्या वापराचा असणार. अन्नाला मिळणारी पॉवर त्याहून बरीच कमी असते. स्टिकरवर "आउटपुट" असं वेगळं लिहिलंय का बघा. नसेल तर मोजता येते : मायक्रोवेव्ह-सेफ भांड्यात एक लिटर गार पाणी घ्या, तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं तापवा, ढवळून परत मोजा. जितके अंश वाढले त्याला 35 ने गुणा. 22 अंश वाढले तर साधारण 770 वॅट.

केतकी_
आउटपुट 800 सापडलं, दाराच्या आतल्या बाजूला. थर्मामीटर नाही आणि मोजत बसायला वेळही नाही. सरळ सांगा, किती सेकंद?

दोन_चमचे
50 टक्के पॉवर, अडीच मिनिटं. मध्ये एकदा ढवळा. घाईघाईने शिजवल्यावर अंडं कडकच होणार.

जुना_रेडिओ
50 टक्क्यांवर माझा विश्वास नाही. इन्व्हर्टर (पॉवर सलग कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये 50 टक्के म्हणजे पूर्ण पॉवर काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. तुम्ही दार नेमकं कधी उघडता त्यावर अंड्याला किती उष्णता मिळाली ते ठरतं. एवढ्याशा अंड्यासाठी हा हिशोब फार ढोबळ आहे.

दोन_चमचे
पण ते बंद असलेले सेकंदच तर उपयोगाचे! तेवढ्यात कडेची उष्णता मध्यापर्यंत पोचते. आजी-आजोबांसाठी मी रोज असंच करते. त्यांना चावायला त्रास होतो, वातड झालं तर ताट तसंच परत येतं. त्यामुळे मऊ म्हणजे काय ते मला माहीत आहे.

जुना_रेडिओ
तुमचं मऊ होत असेल, नाकारत नाही. पण केतकीला घाई आहे आणि ढवळण्याने तेच काम होतं, तेही कमी वेळात.

शमी
दोघांचं बरोबर आहे, पण ताटलीबद्दल कुणीच बोलत नाहीये. पसरट ताटलीत दोन अंड्यांचा पातळ थर होतो, म्हणजे सगळं अंडं "कड"च झालं. गोल, थोडा खोल वाडगा घे. अर्ध्याहून जास्त भरू नकोस, कारण अंडं फुगून वर येतं आणि खाली बसतं. आणि वाडगा काचेच्या मध्यावर ठेवू नकोस, थोडा बाजूला ठेव.

800 वॅटवर दोन अंड्यांना मी असं करते : मीठ घालून नीट फेटायचं, पांढऱ्याचे धागे दिसता कामा नयेत. पूर्ण पॉवर, 30 सेकंद. बाहेर काढून कडेचं शिजलेलं काट्याने खरवडून मध्ये ओढायचं, मधलं पातळ कडेला ढकलायचं. परत 20 सेकंद, परत तसंच. मग 10-10 सेकंद. अजून थोडं ओलसर आणि चकचकीत दिसतंय तेव्हाच थांबायचं आणि मिनिटभर झाकून ठेवायचं. उरलेलं त्या मिनिटात आपोआप शिजतं. पूर्ण झालेलं दिसेपर्यंत आत ठेवलं तर ताटात येईपर्यंत ते जास्त शिजलेलं असतं. हे थांबणं जमलं की बाकी सगळं जमतं.

मीठमिरी
मीठ आधी घालू नये, पाणी सुटतं.

शमी
उलट आहे. मीठ फेटतानाच घातलं तर प्रथिनं एकमेकांना इतकी घट्ट धरत नाहीत आणि पाणी आत राहतं. फेटून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तर आणखी चांगलं, रंग तेवढा थोडा गडद होतो. दुधाचंही सांगते : दुधाने अंडं जरा जास्त तापमानाला धरतं आणि नरम होतं, हे खरं. पण त्याबरोबर जादा पाणीही आत जातं. जास्त शिजवलं की तेच खाली दिसतं. आधी वेळ सुधारायची, मग दूध घालायचं.

मीठमिरी
माझं कधीच सुटत नाही.

उंबरठा
तुमचं सुटत नाही कारण तुम्ही वेळेवर काढत असाल. दुधाचा त्यात फारसा वाटा नाही.

पारवा२२
विषय थोडा वेगळा आहे, पण माझ्या वाडग्याला सोनेरी कड आहे, ठिणग्या उडतात. चालेल का?

तळटीप
नाही. ती कड धातूची असते, ठिणग्या त्याच्याच. तो वाडगा मायक्रोवेव्हसाठी अजिबात वापरू नका. मेलामाइनसुद्धा नको. साधी काच किंवा चिनीमाती, खाली "मायक्रोवेव्ह-सेफ" लिहिलेली.

रानवारा
आणि वास? अंडं केल्यावर दिवसभर आतून वास येतो. हे कुणी सांगत नाही.

दोन_चमचे
वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी, तीन-चार मिनिटं, मग दार बंद ठेवून पाच मिनिटं. वाफेने चिकटलेलं सुटतं, फडक्याने पुसायचं. जास्त शिजवलं की वास जास्त येतो, कारण पांढऱ्यातलं गंधक तापून वायू होऊन सुटतं.

तळटीप
त्या पाण्यात लाकडी चमचा टाकून ठेवा. गुळगुळीत भांड्यातलं पाणी कधी कधी उकळी न फुटता उकळबिंदूच्या वर तापतं आणि हलवल्याबरोबर उसळून हातावर येतं.

केतकी_
शमी, तुमच्यासारखं करून पाहिलं. वाडगा, 30, 20, 10. कडा वातड झाल्या नाहीत, पाणीही नाही! पण मला ओलसर अंडं बघवत नाही, म्हणून आणखी 10 सेकंद दिले आणि वरचा भाग जरा कोरडा झाला. ओलसर खाल्लं तर काही होतं का?

शमी
ओलसर आणि पातळ यात फरक आहे. झाकून ठेवल्यानंतर कुठेही वाहणारा द्रव दिसता कामा नये, चकाकी असली तर चालते. अमेरिकेचा कृषी विभाग अंड्याच्या पदार्थांसाठी 71 अंश सांगतो, म्हणजे सगळं धरलेलं हवं, कोरडं व्हायची गरज नाही. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर मात्र पूर्ण घट्टच करायचं. तुला 10 जास्त होतात, 5 देऊन बघ. सुरुवातीचे दोन-एक सेकंद मायक्रोवेव्हला चालू व्हायलाच लागतात, त्यामुळे अंड्याला तीनच मिळतील, आणि तेवढे पुरतात.

उंबरठा
चार अंडी एकदम करायची असतील तर?

शमी
वेळ दुप्पट नाही, थोडी कमी लागते, पण मध्य फार मागे राहतो. मी दोन-दोनच करते. दुसरा वाडगा आत असताना पहिला झाकून ठेवलेला असतोच.