शब्दचर्चा : ‘केमो थेट पोटात’ – पण कुठल्या पोटात?

कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. केमोथेरपीचं औषध शिरेतून न देता उदराच्या पोकळीत देतात, त्याबद्दल. पहिल्या खर्ड्यात सरळ लिहिलं, ‘यात केमोचं औषध थेट पोटात दिलं जातं.’ एका पेशंटच्या मुलीला वाचायला दिलं, तर तिने विचारलं, “मग उपाशीपोटी घ्यायचं की जेवल्यावर?”

चूक तिची नाहीच. ‘पोटात घ्यायचं’ म्हणजे गिळायचं आणि ‘वरून लावायचं’ म्हणजे मलम, हे आपल्या कानात पक्कं बसलंय. परिभाषेच्या वाटेने गेलं तर (इंग्रजीत इंट्रापेरिटोनिअल केमोथेरपी) ‘अंतःपर्युदर रसायनोपचार’ होतो. तो वाचून ती प्रश्नसुद्धा विचारणार नाही, कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकेल. मधली वाट सुचवा.

प्रतिसाद १
‘पोट’ या शब्दाला आपण फार राबवतो. पोट भरलं तर जठर, पोट साफ झालं तर आतडी, पोटात बाळ असेल तर गर्भाशय, पोट सुटलं तर चरबी. तुम्हाला हवी ती जागा यातली एकही नाही. ‘उदर’ही तसंच: उदरभरणात जठर, सहोदरात आईची कूस. पण ‘जलोदर’ बघा! ते पाणी जठरात नसतं, आतड्यातही नसतं, त्या सगळ्यांच्या बाहेर पण पोटाच्या भिंतीच्या आत साठतं. म्हणजे नेमकी तुमचीच जागा. ‘पोटात पाणी होतं ती जागा’ म्हटलं की अनेक घरांत लगेच कळेल.

प्रतिसाद २
पर्युदर इतकाही परका नाही हो. परि + उदर, उदराभोवतीचं. इंग्रजीत पेरिटोनियम, म्हणजे उदराच्या पोकळीचं अस्तर; त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भोवती ताणलेलं’. त्यातला पहिला भाग आपल्या ‘परि’चा सख्खा भाऊ आणि दुसरा ‘तन्’ धातूचा, ज्यातून तंतू आला आणि ताणणेही. शब्दशः केला असता तर ‘परितान’ झाला असता. मला तो जास्त आवडला असता, पण आता कोण विचारतो!

प्रतिसाद ३
मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, म्हणून क्रियापदाबद्दल बोलते. ‘देणे’ फार मोघम आहे. ‘सोडणे’ तर अजिबात नको. ‘केमो सोडली’ म्हणजे उपचार अर्धवट टाकले. प्रत्यक्षात जे घडतं ते तीन तऱ्हांचं आहे. पोर्ट (औषध भरण्यासाठी त्वचेखाली ठेवलेली छोटी डबी) बसवलेला असेल तर सलाइनमधून औषध आत भरतात आणि पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर वळायला सांगतात, म्हणजे ते सगळीकडे पसरतं. हायपेकमध्ये (HIPEC, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळीच दिलेली तापवलेली केमो) आधी दिसतील त्या गाठी काढतात. मग त्याच भूल दिलेल्या अवस्थेत ४१ ते ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेलं औषध पंपाने नळ्यांतून आत-बाहेर फिरवतात, बहुतेक ठिकाणी ३० ते ९० मिनिटं, आणि शेवटी काढून घेतात. पायपॅकमध्ये (PIPAC) दुर्बिणीसाठी पोटाला पाडलेल्या छोट्या छिद्रांतून औषधाचा फवारा मारतात. तेव्हा भरणे, फिरवणे, फवारणे.

गाठी आधी का काढतात हे मात्र लिहाच. औषध त्या जागी रक्तातल्यापेक्षा कितीतरी तीव्र ठेवता येतं, पण गाठीत वरवरचे मोजके मिलिमीटरच शिरतं. जाड गाठ तशीच राहिली तर औषध तिच्यावरून नुसतं वाहून जातं.

प्रतिसाद ४
‘पोट केमोने धुतात’ असंही ऐकलंय. चित्र डोळ्यासमोर येतं, पण विष प्यायलेल्या माणसाचंही पोटच धुतात, म्हणजे पुन्हा जठर. शिवाय धुतलं म्हणजे स्वच्छ झालं, असं वाटतं.

प्रतिसाद ३ (पुन्हा)
खरंय. म्हणूनच ‘जास्त प्रभावी’ असंही सरसकट लिहू नका. अंडाशयाच्या कर्करोगात २०१८ साली नेदरलँड्स-बेल्जियममधल्या २४५ रुग्णांच्या चाचणीत हायपेकने फायदा दिसला, आयुर्मानाचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) सुमारे ३४ महिन्यांवरून ४६ वर गेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत मात्र शस्त्रक्रियेला हायपेकची जोड देऊन आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. आजार कुठला, त्यावर सगळं.

मूळ धागा लिहिणारी
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: ‘पोटात पाणी होतं तेव्हा ते जिथे साठतं, त्या पोकळीत, म्हणजे आतड्यांच्या बाहेर पण पोटाच्या आत, हे औषध भरतात किंवा फिरवतात. हे गिळायचं औषध नाही.’ पर्युदर एकदाच येतो, अवतरणात, कारण फाइलवर इंग्रजी नाव दिसलं की जुळवता आलं पाहिजे.

एक अडलंय. ‘गरम केमो’ वाचून लोकांना आत भाजेल असं वाटतं. ‘कोमट’ म्हटलं तर अगदीच मिळमिळीत.

प्रतिसाद १
‘ऊन’ म्हणा की. ऊन पाणी म्हणतो तसं.

मूळ धागा लिहिणारी
लिहून पाहिलं. ‘ऊन औषध पोटात फिरवतात.’ त्याच मुलीने वाचलं आणि खिडकीकडे बघितलं. अंश सेल्सिअसच ठेवते, आणि पुढे ‘कडक तापात अंग तापतं त्याहून थोडं जास्त’.