परदेशी सेवेला गेलात, तेव्हा दिवसभर काय केलंत?

सर्वांना सलाम.

आमच्या विश्रांतवाडीच्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण संघाची अकरा मुलं-मुली दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जाणार आहेत. गोरखा जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव आहे. उपासनेच्या जागेची एक भिंत आणि खाली उतरणारी पायवाट बांधायला माणसं हवीत, असं तिथल्या पाळकांनी कळवलंय. मुक्काम नऊ दिवसांचा. संघाची जबाबदारी माझ्याकडे आहे. ३१ वर्षं शाळेत शिकवलं, पण देशाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही.

आपल्याकडे सेवेहून परतलेलं माणूस रविवारी पुढे उभं राहून साक्ष देतं. देवाने कसं सांभाळलं ते ऐकून मन भरून येतं. पण निजायचं कुणाच्या घरात, पाणी कुठलं प्यायचं, दुपारच्या वेळी हात कशाला लावायचा, हे पाच मिनिटांच्या साक्षीत येत नाही. मला नेमकं तेच हवंय. दोन-तीन आठवड्यांच्या सेवेला जाऊन आलेल्यांनी आपला एखादा साधा दिवस लिहावा. चुकलं असेल तेही लिहावं. मी मुलांना सगळं वाचून दाखवणार आहे.

कसबा पेठेतून, बांधकाम सुपरवायझर

ताई, मी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये धादिंग जिल्ह्यात होतो, बारा दिवस. आम्ही सहा जण पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौली आणि पुढे बसने गेलो. मुलांना आत्ताच सांगून ठेवा, सीमेवर आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. आमच्यातला एक जण आधार घेऊन आला होता, तो सोनौलीवरून परत फिरला.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी झाला, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच असते. आम्ही गेलो त्या गावातले लोक तेव्हा प्रार्थनेला बसलेले होते. ते आम्हाला त्यांनी पाचव्या दिवशी सांगितलं. आधी नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

दिवस असा असायचा. सहाला उठून फक्त चहा. मग लगेच काम. जेवण दहाच्या सुमारास, डाळ-भात-भाजी आणि कधी गुंद्रुकचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा, आंबूस रस्सा. मग संध्याकाळपर्यंत काम आणि पुन्हा डाळ-भात. सकाळी नाश्ता नसतो याची पहिले दोन दिवस मला फार अडचण झाली. मुलांनी इथूनच सवय करावी.

मी साइटवरचा माणूस, त्यामुळे बांधकाम शिकवायला जातोय असं मनात धरून गेलो होतो. पहिल्याच सकाळी तिथल्या मिस्त्रींनी मला भिंतीवरून खाली उतरवलं, शांतपणे. भूकंपानंतर तिथे दगड-मातीच्या घरांना ठरावीक उंचीवर आडवे पट्टे घालतात, कोपऱ्यात लांब दगड बसवतात, भिंतीच्या आरपार जाणारे दगड ठेवतात. त्याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं होतं, मी नव्हतं. बारा दिवस मी डोकोतून वाळू वाहिली. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली, तिचा पट्टा कपाळावर घ्यायचा. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. मान तयार व्हायला चार दिवस गेले. आमच्यामुळे मिस्त्रींना वाळूसाठी खाली उतरावं लागलं नाही, एवढी आमची सेवा. ती खरी होती, असं मी आजही मानतो.

त्यांचं बायबल देवनागरीत असतं. अर्थ अर्धा कळतो, पण वाचता सगळं येतं. शनिवारी त्यांनी मला एक स्तोत्र वाचायला लावलं आणि माझे उच्चार सुधारत सगळी मंडळी बरोबर वाचत गेली.

वानवडीहून, नर्स

मी २०१८ मध्ये पश्चिम केनियात सोळा दिवस होते. जाण्यापूर्वी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते आणि दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. दाखल्याविना परतलं, तर आपल्याकडे विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आमच्यातल्या दोघी लस घ्यायला घाईघाईत शेवटच्या आठवड्यात गेल्या आणि त्यांची तिकिटं बदलावी लागली.

बावीस वर्षं नर्सिंग करून तिथे मी एकही इंजेक्शन दिलं नाही. कारण सरळ आहे, तिथली नोंदणी नाही तर तिथल्या रुग्णाला सुई लावायची नाही. आमच्या गटातल्या काहींना हे रुचलं नाही, "एवढ्या लांब आलो ते कशाला" म्हणाले. मला विचाराल तर पुण्यात कुणी परदेशी पाहुणी आठ दिवसांसाठी येऊन माझ्या वॉर्डात सुया टोचू लागली असती, तर मीच तिला थांबवलं असतं. मी रक्तदाब मोजला, वजनं घेतली, रजिस्टर लिहिलं, आणि औषधांच्या पाकिटांवर सूर्य नि चंद्र काढले. सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. औषधाला स्वाहिलीत दावा म्हणतात, आपल्या दव्याचाच भाऊ. दुकानाला दुका, गाडीला गारी. ताप म्हणजे होमा, एवढा शब्द पाठ केला.

दवाखाना दोनला बंद व्हायचा. दुपारी मंडळीच्या स्वयंपाकघरात जायचे, आणि खरं सांगायचं तर माझी सेवा तिथेच झाली. शनिवारी ऐंशी माणसांचं जेवण होतं. त्यांची चपाती तेल लावून, गुंडाळून, पुन्हा लाटलेली, म्हणजे आपल्या घडीच्या पोळीची सख्खी बहीण. नावही चपातीच आणि चहाही चायच. मोंबासा ते किसुमू रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली, तेव्हा इथून तीस हजारांवर मजूर तिकडे नेले होते. त्यांच्या आणि भारतीय व्यापाऱ्यांच्या चुलीवरून ती चपाती तिथल्या घरांत शिरली. मला ते त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी नुसतं लाटणं हातात घेतलं आणि तिथल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हात तव्याला लागला तर सगळ्या एकदम "पोले, पोले" म्हणाल्या. कुणाला ठेच लागली, कुणी थकलं, कुणाचं माणूस गेलं, तर हाच शब्द. भाषांतर करता येत नाही मला. परत आल्यावर माझ्या वॉर्डात मी तो अजून पुटपुटते.

कोथरूडमधून, वय २१

मी तीन आठवड्यांपैकी पाच दिवस जुलाबाने आडवा होतो. ज्यांची सेवा करायला गेलो त्या घरातली आजी माझ्यासाठी भाताची पेज करायची आणि रात्री दोनदा उठून बघायची. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांपेक्षा मीठ-साखरेची पाकिटं जास्त न्या. आणि नळाच्या पाण्याने दात घासू नका, माझं तिथेच चुकलं.

पिंपरीहून, मंडळीचा खजिनदार

मी कुठेही गेलेलो नाही, तरी लिहितो, कारण पैसे माझ्या हातून गेले आहेत. आमच्या दहा जणांच्या दौऱ्याला विमान, विमा, लस मिळून जी रक्कम लागली, तेवढ्यात तिथल्या तीन गवंड्यांची वर्षभराची मजुरी निघाली असती. मी तो हिशेब कार्यकारिणीपुढे मांडला आणि माणसं दुखावली. महिला मंडळाने नाताळच्या करंज्या आणि चिवडा विकून त्यातला बराच पैसा उभा केला होता. त्यांनी विचारलं, "मजुरी पाठवायला आम्ही रात्र-रात्र करंज्या तळल्या असत्या का?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या दौऱ्यापासून आमच्याकडे एक नियम आहे. जाणारा जेवढा प्रवासखर्च गोळा करेल, त्याच्या निम्मी रक्कम यजमान मंडळीच्या कामासाठी वेगळी जमली पाहिजे. तिची पावती तिथल्या खजिनदाराची. मुलांच्या हातात सुटे पैसे, चॉकलेटं वाटायची नाहीत.

चिंचवडमधून, संडे स्कूल शिक्षिका

हे लिहायला मला वेळ लागला. देश सांगत नाही. मुलांच्या एका वसतिगृहात आम्ही आठ दिवस होतो. गाणी, बाहुल्यांचा खेळ, रंगकाम. दुसऱ्या दिवसापासून पाच वर्षांची एक मुलगी माझ्या कडेवर. मला वाटलं, देवाने मला हिच्यासाठीच इथे आणलं. निघताना ती गाडीमागे धावली. परत आल्यावर मी तिचे फोटो मंडळीत दाखवले, सगळे रडले.

सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचे फोटो बघितले. तीच मुलगी, दुसऱ्या ताईच्या कडेवर, तसाच गळ्यात हात. तिने किती वेळा निरोप घेतला असेल, हे तेव्हा डोक्यात आलं. नंतर चौकशी केली तर तिची आई हयात होती, गावी होती. नेपाळ, कंबोडिया अशा ठिकाणी अनाथाश्रमांतल्या पुष्कळ मुलांना आई-वडील असतात. गरिबीपायी किंवा शिक्षणाच्या आशेने ती घरातून आणली जातात, आणि पाहुण्यांची ये-जा असली की अशी घरं आणखी उभी राहतात. माझा हेतू चांगला होता, पण त्या लेकराला त्याचा काय उपयोग? ताई, तुमच्या कार्यक्रमात कुणी बालगृहाची भेट घातली असेल तर ती काढून टाका. हात जोडून सांगते.

गुरुवार पेठेतून, वय ७४

माझं माहेर नगरचं. मिशनरी सिंथिया फरारबाईंचं नाव आमच्या घरात आजीच्या तोंडून ऐकलं. १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईत उतरल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांनी डोळे मिटले. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी त्यांची शाळा पाहिली होती. त्या आधी मराठी शिकल्या, मग शिकवू लागल्या. नऊ दिवसांत मुलांना नेपाळी येणार नाही, हे मला कळतं. पण पन्नास शब्द तरी इथून पाठ करून न्या. आणि पहिला शब्द "शिकवा" असू दे.

धागा काढणारी

चिंचवडच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. आमच्या यादीत सहाव्या दिवशी बालगृहाची भेट होती. आज पाळकसाहेबांशी बोलून ती काढली.

खराडीहून, मूळचा गोरखा जिल्ह्यातला

जय मसीह. मी पुण्यात बावीस वर्षं आहे, हॉटेलात कुक आहे. मराठी लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या. तुम्ही जाणाऱ्यांनी लिहिलंत, मी ज्याच्या घरी लोक येतात त्याच्याकडून लिहितो.

भूकंपानंतर आमच्या गावात बाहेरून पुष्कळ गट आले. आमचं घर अर्धं उभं होतं, म्हणून पाहुणे आमच्याकडे. आई स्वतःचा पलंग द्यायची आणि गोठ्याशेजारी निजायची. पाहुण्यांना ते माहीत नव्हतं, कारण ती त्यांच्याआधी उठायची. कोंबड्या होत्या सात. दुसरा गट गेला तेव्हा दोन उरल्या. आईला याचं वाईट वाटत नव्हतं, पाहुण्याला डाळ-भातच वाढायचा याची तिला लाज वाटायची. म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा, आम्हाला ढिंडो आवडतो. ढिंडो म्हणजे कोदोच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि कोदो म्हणजे तुमची नाचणी. तुम्हा लोकांना ती सवयीचीच आहे. पोटभर मागून खा, आईचा जीव शांत होईल.

पाणी धाऱ्यावरून, म्हणजे डोंगरातल्या झऱ्यावरून, आणायचं, उतरून जायला वीस मिनिटं, भरून चढायला चाळीस. एक गट रोज अंघोळ करायचा. माणसं फार चांगली होती, शाळेला रंग दिला, आमच्यासाठी रडून प्रार्थना केली. पण त्यांच्या अंघोळीचं पाणी माझी आई आणि बहीण वाहत होत्या.

त्या गटात एक बाई होती, पन्नाशीची. तिला रंगकाम जमत नव्हतं. ती रोज पहाटे आईबरोबर धाऱ्यावर जायची. भाषा एक अक्षर नाही. घागर नीट धरता येत नव्हती, निम्मं पाणी अंगावर. आठ दिवस गेली. शाळेचा रंग दोन पावसाळ्यांत गेला. आई त्या बाईचं नाव अजून प्रार्थनेत घेते, उच्चार चुकवते, पण घेते.

आणखी दोन गोष्टी. १७ ऑगस्ट २०१८ पासून नेपाळमध्ये धर्मांतर करवण्याविरुद्धचा कायदा लागू आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. पत्रकं, पुस्तिका बॅगेत नेऊ नका. तुम्ही नऊ दिवसांनी निघून जाल, चौकशीला पोलीस आमच्या पाळकांच्या दारात येतील. दुसरं, तुमची दिवाळी म्हणजे आमच्याकडे भातकापणीचा हंगाम. त्या वेळी पाहुणे आले तर घरातली दोन माणसं शेतातून कमी होतात. तारीख बदलता आली तर पाळकांना विचारा. नाहीतर मुलांना विळा धरायला तरी शिकवा.

धागा काढणारी

दादा, तुमचं लिहिणं मी काल संघात वाचलं. मुलं बराच वेळ बोलली नाहीत. पाळकांना फोन केला. भिंत थांबू शकते, कापणी नाही, असं ते म्हणाले आणि थोडं हसले. आता आम्ही नाताळनंतर निघतोय. मुळशीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे दोन शनिवार मुलांना कापणीला आणि हंडे वाहायलाही पाठवतेय. थंडीसाठी काय घ्यावं? आणि वर चढताना मुलांनी काय लक्षात ठेवावं?

खराडीहून

जाड मोजे, कानटोपी, प्रत्येकाचं स्वतःचं पांघरूण. घरातली पांघरुणं घरच्यांना राहू द्या. बस खाली बेसीपर्यंत, म्हणजे दरीतल्या सपाटीपर्यंतच, जाते, पुढे चालत. गावाच्या थोडं अलीकडे वाटेत धारा लागेल. दमला असाल, तरी तिथे थांबा आणि सगळ्यांच्या बाटल्या भरून घ्या. कुणाची रिकामी घागर ठेवलेली दिसली तर तीही भरून वर न्या. कुणाची ते विचारायची गरज नाही, वर गेल्यावर ती बाई स्वतःच पुढे येईल.