छायागीत, शब्दांच्या पलिकडले... तुमच्या आठवणी लिहा ना

स्वरा_डोंबिवली: परवा रेडिओवर अभिषेकीबुवांचं 'शब्दावाचून कळले सारे' लागलं आणि एकदम मुंबई दूरदर्शनचं 'शब्दांच्या पलिकडले' डोळ्यासमोर आलं. अरुण काकतकरांचा कार्यक्रम. तोवर भावगीतांचे आवाज रेडिओवरून तोंडपाठ होते पण गाणारे दिसतात कसे हे माहीतच नव्हतं हो! कॅमेरा पेटीवरच्या बोटांवर जायचा, मग तबल्यावर, मग गायकाच्या चेहऱ्यावर. आजी म्हणायची, इतकी वर्षं ऐकतोय, आज ओळख झाली. मला वाटतं खरी मजा तीच होती, आवाजाला चेहरा मिळाला. तुम्ही पण लिहा.

पेठकर: आमच्याकडे पुण्यात १९७३ ला सिंहगडावरच्या टॉवरवरून टीव्ही दिसायला लागला, कार्यक्रम सगळे मुंबईचेच. गुरुवारी छायागीत, हिंदी सिनेमातली गाणी! वाड्यात एकच टीव्ही, लाकडी शटरवाला, दारात चपलांचा ढीग. दादा अँटेना फिरवायला कौलावर, आम्ही खालून ओरडतोय आलं आलं, अरे गेलं, मुंग्या आल्या परत, हलू नकोस आता. बिचारा दादा, अर्धं छायागीत त्याने कानानेच ऐकलंय.

मीनल७२: दादाला साष्टांग नमस्कार 😄

विदर्भवाली: आम्ही नागपूरकर, आमच्या वाट्याला दिल्लीचा चित्रहार, तोही सिनेमाच्या गाण्यांचाच, बुधवारी. छायागीत फक्त सुट्टीत मामाकडे दादरला. मामी सगळी भांडी त्याआधी आवरून टाकायची आणि केस मोकळे सोडून पुढे बसायची, एरवी कधी बसलेली दिसायची नाही ती. आता ती नाही. गाणी लागली की तीच आठवते.

स्वरा_डोंबिवली: @विदर्भवाली किती छान लिहिलंस गं. आमची आई पण तशीच.

गिरगावकर: तबस्सुम कुणीच कशी काढली नाही? तिचा तो मुलाखतींचा कार्यक्रम, फूल खिले हैं गुलशन गुलशन!! १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हापासून ते थेट १९९३ पर्यंत. काय ते हसू, समोर केवढाही मोठा कलाकार असो, घरी आलेल्या पाहुण्यासारखं बोलायची, मधेच गाणं. आणि आमच्या शेजाऱ्यांनी ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही रंगीत दिसावा म्हणून स्क्रीनवर ती रंगीत काच लावलेली, वर निळी खाली हिरवी, त्यामुळे सगळे हिरो कमरेखाली हिरवे

मीनल७२: ती काच आमच्याकडे पण होती! आणि टीव्हीचं लायसन भरायला पोस्टात रांग, बाबा ते पुस्तक बँकेच्या पासबुकाबरोबर कपाटात ठेवायचे

पेठकर: गजरा पण घ्या यात. विनायक चासकरांचा. गाणी कमी नाटुकली जास्त, पण बघायचो तितक्याच ओढीने. आणि ऐन रंगात आलं की 'व्यत्यय'ची पाटी, सगळी खोली एका सुरात अरेरे. तरी कुणी उठायचं नाही जागेवरून.

रत्नाकर_कोकण: आमच्या गावात टीव्हीच उशिरा आला त्यामुळे माझं सगळं रेडिओवरच, पण वाचायला मजा येतेय. बाकी पाऊस कसाय तिकडे? इकडे सकाळपासून लाईट नाही

गिरगावकर: धो धो. लोकल लेट आहेत, त्यातच बसून टाईप करतोय

विदर्भवाली: संताकुकडी आठवतं का कुणाला? गुजराती, लहान मुलांचं. शब्द कळायचा नाही एक, तरी मामाकडे आम्ही सगळी भावंडं मांडी घालून बघायचो

स्वरा_डोंबिवली: होऽऽऽ! आणि किलबिल! यावर वेगळा धागा काढ तू, कुकर लावून येते मी