मदत हवी आहे : वडिलांच्या महाविद्यालयीन धावण्याच्या नोंदी कुठे शोधाव्यात? (निपाणी–अर्जुननगर, १९७१ ते १९७५)

निपाणीची लेक :

नमस्कार. माझ्या वडिलांचे, म्हणजे आमच्या आप्पांचे, गेल्या श्रावणात निपाणी येथे निधन झाले. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने त्यांच्यावर एक छोटी स्मरणिका काढावी असे आम्ही भावंडांनी ठरवले असून, त्यातील धावपटू आप्पांविषयीचा भाग माझ्याकडे आला आहे. त्या भागासाठी लागणारे पुरावे कसे आणि कुठे मिळवावेत, याविषयी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचे घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात आहे. परंतु आप्पांचे शिक्षण झाले ते निपाणीला लागूनच असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात, जे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात येते आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. घरून चालत जाऊन राज्य ओलांडायचे आणि तास संपले की परत आपल्या राज्यात यायचे, यात सीमाभागातील कोणालाही नवल वाटणार नाही. नोंदी शोधताना मात्र प्रश्न पडतो, कारण आप्पा महाविद्यालयातर्फे महाराष्ट्रातील विद्यापीठासाठी धावत आणि खुल्या स्पर्धांमध्ये म्हैसूर राज्याचे रहिवासी म्हणून उतरत.

ते ५,००० आणि १०,००० मीटर धावत. आमच्या भागात तालमीला मान फार. पोरगा कुस्ती खेळतो म्हटले की घरात त्याच्या दुधातुपाची वेगळी सोय होई, पण विनाकारण रस्त्याने पळणाऱ्या पोराला काय म्हणावे हे आजोबांना शेवटपर्यंत कळले नाही. आप्पा पहाटे महामार्गाने तवंदी घाट चढून जात आणि उतरून येऊन आजोबांच्या दुकानाचे दार उघडत. धावण्याच्या वेळा त्यांनी दुकानाच्याच एका जुन्या रोजकीर्दीच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवल्या आहेत, आणि त्याही जमा-नावे पद्धतीने : मनासारखी वेळ आली तर जमेच्या बाजूला, नाहीतर नावे. नावेची बाजू बरीच भरलेली आहे.

पुढे त्यांनी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही गल्लीतल्या मुलामुलींना पहाटे मैदानावर नेणे सोडले नाही. हातात घड्याळ असे आणि शिस्त एकच असे, ती म्हणजे वेळ जेवढी लागली तेवढीच सांगायची. शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पूर्ण केली, हे ते मुलांना सांगत तेव्हा ‘वर एकही सेकंद नाही’ असे आवर्जून जोडत. एखाद्या मुलाने स्वतःची वेळ दोन सेकंदांनी कमी करून सांगितली, तर त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला लावत.

माझी अडचण नेमकी याच स्वभावामुळे निर्माण झाली आहे. रक्षाविसर्जनाच्या दिवशी एका वक्त्यांनी आप्पांचा उल्लेख ‘राष्ट्रीय विजेते’ असा केला. आमचे धाकटे काका ठामपणे सांगतात की आप्पांनी ५,००० मीटर चौदा मिनिटांत पार केले होते. वहीत मात्र त्यांची सर्वांत चांगली वेळ १५ मिनिटे ४८ सेकंद आहे. माझ्या हाती दोन प्रमाणपत्रे आहेत. एक शिवाजी विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेतील तिसऱ्या क्रमांकाचे असून त्याचा वर्षाचा भाग कसरीने खाल्ला आहे. दुसरे ‘म्हैसूर राज्य’ असे छापलेले, १०,००० मीटरमधील सहभागाचे आहे, आणि त्यावरची तारीख पाण्याने पुसली गेली आहे. याशिवाय काळवंडलेले एक पदक आणि एक समूह छायाचित्र आहे, ज्याच्या मागे आप्पांच्या अक्षरात केवळ ‘सातारा, जानेवारी’ एवढेच लिहिलेले आहे. त्यातील आप्पा सोडून कोणालाही आम्ही ओळखत नाही.

या स्पर्धांची वर्षे कशी ठरवता येतील, निकाल कुठे छापले गेले असतील, छायाचित्रातील मंडळी कशी शोधावीत आणि पदक घासून स्वच्छ करावे की नाही, हे कृपया सांगावे. काकांचे मन न दुखावता वेळेचा प्रश्न स्मरणिकेत कसा हाताळावा, याविषयीही मत दिल्यास आभारी राहीन. आप्पांविषयी एकही फुगवलेला आकडा छापावा अशी माझी इच्छा नाही.

तवंदीपलीकडचा :

ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. मी स्वतः त्याच काळात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडून ८०० मीटर धावत असे, त्यामुळे आपल्या वडिलांशी मैदानावर गाठ पडली नसली तरी ती व्यवस्था मला परिचित आहे.

‘म्हैसूर राज्य’ हे छापील शब्द उपयोगी आहेत. राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले, म्हणजे ते प्रमाणपत्र बहुधा त्याआधीचे, वडिलांच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतले असावे. मी ‘बहुधा’ म्हणतो, कारण जुने छापील कागद संपेपर्यंत वापरण्याची आपल्याकडची काटकसर सर्वांना माहीत आहे. खात्रीसाठी त्यावरील सह्या आणि पदनामे बारकाईने पाहा.

विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे महाविद्यालयाचा वार्षिक अंक. कविता आणि प्रवासवर्णनांच्या मागे त्यात जिमखाना विभागाचा अहवाल असे आणि कोणत्या विद्यार्थ्याने कोठे कितवा क्रमांक मिळवला हे नावानिशी दिलेले असे. अहवालात वर्ष १९७२-७३ असे शैक्षणिक असते आणि मैदानी स्पर्धा साधारणपणे हिवाळ्यात होत, त्यामुळे छायाचित्रावरचा ‘जानेवारी’ हा त्यातील दुसऱ्या आकड्याचा समजावा. ग्रंथालयात सरळ चार वर्षांचे अंक मागावेत. त्यानंतर कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात आणि बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या दैनिकांच्या फायली पाहायला मिळतात का याची चौकशी करावी. महिना ठाऊक असल्यामुळे सबंध वर्ष चाळावे लागणार नाही. ‘पुढारी’ आणि बेळगावचा ‘तरुण भारत’ या दोन्हींमध्ये पाहा, कारण निपाणीची बातमी कोणत्या बाजूने छापली जाईल याचा नेम नसे.

छायाचित्राबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयेही शिवाजी विद्यापीठातच होती. सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झाले. त्यामुळे छायाचित्र केवळ कोल्हापूर-सांगलीकडे न फिरवता सातारा, कराड, पंढरपूर, बार्शी या बाजूच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटांमध्येही पाठवावे.

आता वेळेविषयी. ५,००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या. १५:४८ या हिशेबाने प्रत्येक फेरीला जवळजवळ ७६ सेकंद पडतात. चौदा मिनिटांसाठी प्रत्येक फेरी ६७ सेकंदांत व्हायला हवी, आणि ती त्या काळी देशातील अगदी अव्वल धावपटूंची चाल होती. मुरमाच्या मैदानावर, दुकान सांभाळून, प्रशिक्षकाविना धावणाऱ्या विद्यार्थ्याची १५:४८ ही वेळ उत्तम आहे आणि तिच्या शेजारी विद्यापीठाचा तिसरा क्रमांक शोभतो. वहीवर विश्वास ठेवा. स्वतःची वाईट वेळ नावे टाकणारा माणूस चांगली वेळ लपवणार नाही.

जुनी पाने :

मी एका ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांचे काम पाहते, म्हणून थोडे वस्तूंबद्दल लिहिते. पदक चिंच, रांगोळी किंवा बाजारातील पॉलिशने घासू नये. अशी पदके बहुतेक वेळा पितळेवर चांदीचा अथवा सोन्याचा पातळ मुलामा दिलेली असतात आणि घासताना काळेपणासोबत मुलामाही जातो. मऊ, कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसावे आणि मागच्या बाजूला कोरलेली अक्षरे आहेत का ते तिरप्या उजेडात पाहावे. कधी कधी वर्ष तिथेच सापडते.

प्रमाणपत्रे लॅमिनेट मात्र मुळीच करू नयेत, कारण उष्णतेने चिकटलेले ते प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही. ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावीत, आणि पुसलेल्या तारखेचा भाग स्कॅनमध्ये गडद करून किंवा निळ्या रंगाचा थर वेगळा काढून पाहावा. शाईचे अंश राहिले असतील तर आकडा वाचता येण्याची शक्यता असते. कसर लागलेला कागद इतर कागदांपासून वेगळा ठेवावा.

माळावरचा मास्तर :

काकांच्या बाबतीत माझे मत किंचित वेगळे आहे. त्यांचे म्हणणे गाळू नये. त्यांची आठवण त्यांच्या नावाने, त्यांच्या शब्दांत घ्यावी आणि त्याच पानावर वहीचे छायाचित्र छापावे. धाकट्या भावाला थोरला किती वेगवान वाटत होता, हीदेखील एक नोंदच आहे. फक्त ती क्रीडा-कारकिर्दीच्या तक्त्यात जाऊ नये.

निपाणीची लेक :

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. पदक आज उजेडात तिरपे धरून पाहिले. मागे विद्यापीठाचे नाव आणि ‘१९७४’ एवढे स्पष्ट वाचता येते. तेव्हा प्रथम १९७३-७४ चा वार्षिक अंक मागणार आहे आणि वृत्तपत्रे त्या हिवाळ्यातलीच पाहणार आहे. पदक आणि तिसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र एकाच स्पर्धेचे आहे हे मात्र मी आत्ताच गृहीत धरत नाही.

‘राष्ट्रीय विजेते’ हा उल्लेख स्मरणिकेत येणार नाही. काकांना मास्तरांची सूचना वाचून दाखवली. त्यांनी लिहून देण्याचे मान्य केले, परंतु चौदा मिनिटांवरून ते हललेले नाहीत, आणि त्यांचा मजकूर आम्ही तसाच छापू. समूह छायाचित्र स्कॅन करून याच धाग्यावर देत आहे. मागच्या रांगेत डावीकडून दुसरे आप्पा आहेत. ढाल हातात धरलेले उंच गृहस्थ कोण, हे सातारा किंवा सोलापूरकडील कोणी ओळखत असल्यास कृपया येथे केवळ महाविद्यालय आणि वर्ष लिहावे; संपर्काचा तपशील मला खासगी निरोपाने कळवावा.