ड्युसेनबर्ग म्हणजे नुसता दिखावा?

ब्रिटिश रोल्स-रॉइसच्या ‘फँटम २’ गाडीपुढे अमेरिकन ड्युसेनबर्गची ‘मॉडेल जे’ ही गाडी म्हणजे नुसता दिखावा, असं म्हणतात; हे काही पटलं नाही बुवा. बॉनेट उघडून बघा. सरळ रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे, सिलिंडरच्या वर बसवलेले दांडे), प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तेही १९२८ मध्ये! कंपनीचा दावा २६५ अश्वशक्तीचा. फँटमचं सहा सिलिंडरी इंजिन ७.७ लिटरचं, पण व्हॉल्व्ह पुशरॉडवर, म्हणजे खालच्या कॅमशाफ्टवरून सळ्यांनी ढकलून उघडायचे. ताकद किती, हे रोल्सवाले सांगतच नसत. ब्रेकही ड्युसेनबर्गचे हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे), रोल्सचे यांत्रिक.

मला गंमत वाटते ती वंगणाची. फँटमच्या चासीला, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्याला, तेल पोचवायला ड्रायव्हरने पायाने पेडल दाबायचं. ड्युसेनबर्ग ते काम चालता चालता आपलं आपण उरकते, वर इंजिन ऑइल बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लावते.

शांतपणात मात्र रोल्सच सरस, तिथे वाद नाही.

आणि बॉडी? दोन्ही कंपन्या चासीच विकायच्या, त्यामुळे देखणेपणाचं श्रेय बॉडी बांधणाऱ्याला. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्युसेनबर्गवर तर चक्क लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची बॉडी होती. म्हणजे इंजिन अमेरिकेचं, कपडे विलायती!